मोडल्या हाडाचं औत

माणसाच्या अंगात गुडघ्याइतका खोटारडा सांधा दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. डोकं फुटलं तर रक्त दिसतं. हात मोडला तर तो वाकडा लोंबतो आणि शेंबडं पोरही सांगतं, की मोडलाय. गुडघा आत फुटतो आणि बाहेरून नुसता सुजतो. सूज काय, गांधीलमाशी चावली तरी येते. या एका सांध्यापायी अख्ख्या गावानं मला खोटं ठरवलं होतं, आणि ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

आमचं गाव निपाणीच्या बाजूचं, कोगनोळीपासून जवळ. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचे दिवस. गावात मारामाऱ्या पुष्कळ व्हायच्या आणि पोलिसापर्यंत सहसा जायच्या नाहीत, कारण गावाचा स्वतःचा कायदा होता. कातडं फाटलं तर गूळ, हाड मोडलं तर औत. म्हणजे मारामारीत नुसती जखम झाली, तर मारणाऱ्यानं जखमी माणसाच्या दारात गुळाची ढेप नेऊन ठेवायची आणि विषय संपला. पण हाड मोडलं, तर ते हाड सांधेपर्यंत मारणाऱ्यानं जखमी माणसाच्या शेतात औत धरायचं. स्वतःचं शेत पडलं तरी चालेल, त्याचं पडता कामा नये. हा कायदा कुणी केला ते ठाऊक नाही, पण ज्यानं केला त्यानं मार खाल्लेला असणार.

माझे वडील वारलेले होते. घरात आई आणि मी, दावणीला एक बैलजोडी, आणि तंबाखूचं काळं रान. उन्हाळ्यात नांगरट झाली नाही तर पाऊस पडल्यावर त्या रानाला हात लावता यायचा नाही आणि वर्षाचा तंबाखू गेला म्हणून समजावं. ते औत धरणारा मी एकटाच होतो. हे एवढं सांगितलं म्हणजे पुढं माझा गुडघा किती मोलाचा होता ते कळेल.

चैतातली जत्रा होती. छकड्यांच्या शर्यती लागल्या. माझ्या पुढं माझा चुलतभाऊच होता, माझ्याहून जरासा थोरला. आम्ही एका अंगणात वाढलो होतो, एकाच तालमीत माती अंगाला लावली होती, आणि एकमेकांना पाण्यात बघत होतो. शेवटच्या टप्प्यात मी त्याला गाठणार, तेवढ्यात त्यानं छकडा मुद्दाम आडवा घेतला. त्याचं चाक माझ्या बैलाच्या मागच्या पायाला खरवडून गेलं आणि बैल गुडघ्यावर आला. मी उडी टाकली, पळत जाऊन त्याला छकड्यावरून ओढून खाली पाडला आणि हातातला आसूड त्याच्या तोंडावर ओढला. एकदा नाही, हात दुखेपर्यंत. त्याच्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत वळ उठला. माझ्या बैलाचं रक्त मातीत गळत होतं आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

त्याला कुणीतरी बाभळीचा सोटा दिला. टोकाला लोखंडी कडं बसवलेला. मी उजवा पाय रोवून आसूड पुन्हा उगारला होता, आणि त्यानं खालून, बाहेरच्या बाजूनं, त्या रोवलेल्या पायाच्या गुडघ्यावर सोटा घातला. पाय आतल्या बाजूला वाकला आणि मी कोसळलो. काही मोडल्याचा आवाज मी ऐकला नाही, कारण मी स्वतःच बोंबलत होतो.

मला उचलून तालमीत नेलं. जत्रेच्या माळापासून तालीम काही लांब नाही, पण पोचेपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता आणि कातडी तुकतुकीत ताणली होती. वस्तादांनी बघितलं न बघितलं आणि सांधा निखळलाय असं सांगितलं. मग चौघांनी माझे खांदे आणि डावा पाय दाबून धरला. वस्तादांनी माझ्या मांडीवर पाय देऊन नडगी दोन्ही हातांनी धरली आणि हिसडा मारला. मी शेजारच्याच्या मनगटाला कडकडून चावलो. त्याच्या हाताला दातांची खूण पुढं कैक वर्षं होती आणि तो ती लग्नाकार्यात लोकांना दाखवायचा. वस्ताद वाईट माणूस नव्हते. तालमीत खांदा निखळला की ते असाच बसवत आणि तो बसायचा. जे खांद्याला लागू पडतं ते गुडघ्यालाही पडेल असा त्यांचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा बसवला. त्यावर तालमीची तांबडी माती, हळद आणि बिब्बा यांचा लेप चढला. घरी आल्यावर आई रोज तिळाचं तेल कोमट करून चोळायची, आणि चोळताना रडायची, आणि रडता रडता चुलत्याच्या घराच्या दिशेनं शिव्या घालायची. मी दात चावून पडून राहायचो. पाय टेकवता येत नव्हता.

पंच म्हणाले, हाड मोडलंय याला पुरावा आणा. बेळगावात आता हाडाचा फोटो निघतो, तो काढा. मग माझा मामा मला सर्व्हिस मोटारीत घालून बेळगावला घेऊन गेला. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी मोटारवाल्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. जिथं फोटो काढला तिथं पायाला कुणी बोटही लावलं नाही. मला फळीवर उताणा निजवला, समोरून एक फोटो घेतला, आणि तासाभरानं हाड शाबूत आहे म्हणून सांगून फोटो हातात दिला. मामानं विचारलं, की मग पाय का टेकवत नाही. टेकवेल हळूहळू, असं उत्तर आलं.

चावडीत तो फोटो हातोहात फिरला. हाडांचा फोटो गावानं पहिल्यांदाच बघितला. प्रत्येकजण तो उन्हाकडे धरून डोळा बारीक करायचा, जसा काही जन्मभर तोच धंदा करत आलाय. हाडं पांढरी, सरळ, एकावर एक नीट बसलेली. एकानं मला विचारलं, की फोटोत हसला का नाहीस. चावडी हसली. चुलतभावाच्या मामानं तर सांगूनच टाकलं, की हे सोंग आहे, बापाविना वाढलेल्या पोराला औत फुकट हवंय.

चुलतभाऊ खांबाला टेकून उभा होता. गालावरचा वळ काळा पडला होता. तो हसला नाही की बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा मला त्या वेळी जास्त राग आला. माणसानं खोटं बोलावं तरी, निदान तोंड तरी उघडावं.

मग कुणीतरी म्हणालं, की उभा करून बघा. दोघांनी माझ्या बगलेत हात घातले, मला उभा केला आणि सोडून दिला. उजवा पाय टेकला मात्र, गुडघा आतल्या बाजूला लचकला आणि मी चावडीच्या पायरीवर डोक्यावर आपटलो. मागून पुन्हा कुणीतरी हसलं. माझ्या हाताशी पाण्याचा पितळी तांब्या होता. तो मी उचलला आणि जिकडून हसू आलं तिकडे भिरकावला. तो लागला थोरल्या पंचांच्या कपाळाला. ते हसले नव्हते, पण राग दिशा बघून जात नाही. त्यांच्या भुवईवर खोक पडली, पांढरी मिशी लाल झाली, आणि चावडीत दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. कुणाचे पटके पडले, कुणाच्या दातांतून रक्त आलं. मी खाली पडलेलो, त्या पायांच्या गर्दीत दोन्ही हातांनी गुडघा झाकून धरला होता. त्यावर कुणाचा पाय पडला तर आपण मरू असं मला खरंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या आईला थोरल्या पंचांच्या दारात गुळाची ढेप नेऊन ठेवावी लागली. कातडं फाटलं होतं, कायदा म्हणजे कायदा. पंचांनी गूळ ठेवून घेतला, कपाळाची चिंधी सारखी केली आणि आईला सांगितलं, "सोंग करणारा माणूस पंचाला तांब्या मारत न्हाय. सोंगाड्याला पंच हवा असतो. पोराचं कायतरी खरं हाय."

त्यांनीच ठरवलं, की पुन्हा तपासणी करायची, पण या वेळी दोन्ही बाजूंच्या देखत. मारणारा आणि मार खाणारा, दोघांनी जायचं, आणि ते स्वतः साक्षीला येणार. बेळगावच्या कँपात एक म्हातारा डॉक्टर होता, पूर्वी पलटणीत होता आणि सैनिकांचे मोडके पाय बघण्यात त्याचा जन्म गेला होता, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मोटारीतून उतरल्यावर मला पाठुंगळी घेणार कोण, असा प्रश्न आला. थोरल्या पंचांनी चुलतभावाकडे नुसतं बघितलं. तो वाकला. मी त्याच्या पाठीवर बसलो आणि दवाखान्यापर्यंत त्याच्या मानेकडे बघत राहिलो. ती मान दाबावी असं मला वाटत होतं, लपवून काय करायचं आहे.

डॉक्टरांनी आधी फोटो मागितला नाही. मार कसा बसला ते विचारलं. कुठल्या बाजूनं? पाय रोवलेला होता की उचललेला? मी सांगू लागलो तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि चुलतभावाकडे बोट केलं. मारणाऱ्याला नीट आठवतं, असं म्हणाले. त्यानं खाली बघत सांगितलं, की बाहेरच्या बाजूनं, आणि पाय रोवलेला होता. मग त्यांनी मला विचारलं, की सूज कधी आली. माळावरून तालमीत पोचेस्तोवर, असं मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, की सांध्यात पाणी होतं त्याला रात्र जावी लागते. जी सूज लगेच येते ते रक्त असतं.

त्यांची पद्धत अशी, की दुखऱ्या गुडघ्याला हात लावायच्या आधी चांगला गुडघा हाताखालून घालायचा, म्हणजे त्या माणसाचा सांधा मुळात किती हलतो ते समजतं. पण माझा डावा गुडघा कुस्तीत आधीच खिळखिळा झालेला होता. तो हलवून बघून त्यांनी तोंड वाकडं केलं. हा तुझा कोण, म्हणून त्यांनी विचारलं. चुलतभाऊ आहे असं कळल्यावर त्यांनी त्याला शेजारच्या खाटेवर निजायला सांगितलं. एकाच आजोबाचे पाय, अंगलटही तीच. अशा रीतीनं ज्यानं माझा गुडघा फोडला त्याचा गुडघा माझ्यासाठी माप म्हणून धरला गेला. डॉक्टरांनी त्याची नडगी धरून पुढं ओढली, बाजूला वाकवली, गुडघ्याची वाटी दाबली. ते सगळं घट्ट, जागच्या जागी. मी मान वळवून बघत होतो आणि असूयेनं जळत होतो.

मग माझी पाळी. वाटी दाबली तर ती खाली जाऊन टक्कन हाडावर आपटली आणि पुन्हा वर आली. खाली रक्त साचल्यामुळं ती तरंगत होती. मग त्यांनी अंगठ्यानं सांध्याच्या कडेकडेनं चाचपायला सुरुवात केली. आतल्या बाजूला मी सहन केलं. बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या खाली नडगीच्या माथ्यावर अंगठा आला, तसा मी डाव्या पायानं त्यांच्या पोटात लाथ घातली. डॉक्टर मागच्या कपाटावर आदळले. काच खळखळली. थोरले पंच उठून उभे राहिले. डॉक्टर पोट धरून थोडा वेळ वाकले, मग सरळ झाले आणि म्हणाले, की बोट बरोबर जागी पडलं.

नडगी बाहेरच्या बाजूला वाकवली तेव्हा मी छतावरची कौलं मोजायला लागलो. ती चुलतभावाच्या पायापेक्षा कितीतरी जास्त वाकत होती. मग जाड सुई घेऊन त्यांनी गुडघ्यातलं रक्त ओढलं. पांढऱ्या ताटलीत काढलेलं ते काळपट रक्त त्यांनी खिडकीत उजेडाला ठेवलं आणि आम्हाला तिघांनाही बघायला लावलं. रक्तावर तेलाचे थेंब तरंगत होते. मटणाच्या रश्श्यावर तवंग येतो तसे, गोल, चकचकीत.

थोरले पंच म्हणाले, "ते ह्याच्या आईचं तेल. बाटली बाटली चोळलीया. मुरलं आसंल."

डॉक्टर हसले. कातड्यातून तेल सांध्यात मुरत नाही, म्हणाले. मटणातली नळी फोडून चोखता ना, तिच्यातला मगज. तोच हा. हाडाच्या आतला मगज सांध्यात आला, म्हणजे हाडाला कुठंतरी वाट झालीय. फोटो काही सांगो.

मग त्यांनी जुना फोटो बघितला. समोरून काढलेला, सगळं नीट. त्यांनी पुन्हा फोटो काढायला लावले, पण पाय आधी आत वळवून आणि मग बाहेर वळवून, तिरके. फोटो धुवून वाळेपर्यंत आम्ही बसलो. थोरल्या पंचांनी घोटभर चहासाठी बाहेर जाऊन येतो म्हणून सांगितलं. मी खाटेवर, चुलतभाऊ भिंतीला टेकून.

डॉक्टर ओला फोटो धरूनच आले. तिरक्या फोटोत नडगीच्या माथ्यावर बाहेरच्या बाजूला एक काळी रेघ होती आणि त्या कडेचा तुकडा खाली दबलेला होता. समोरून बघताना ती रेघ चांगल्या हाडामागं लपत होती. हे मोडलेलं आहे, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. यावर कुणी उभा केला असेल तर त्याला चाबकानं फोडायला हवा, असंही म्हणाले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्यात आलं नव्हतं ते तेव्हा आलं. मी सोंगाड्या नव्हतो.

चुलतभाऊ भिंतीपासून पुढं आला. त्यानं फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मला तवाच कळलं हुतं," तो म्हणाला. "सोटा लागला तवा आवाज आलता. वाळकी काटकी मोडावी तसा."

म्हणजे वस्ताद हिसडे मारत होते तेव्हा याला ठाऊक होतं. मला चावडीत उभा करून सोडला तेव्हा हा खांबाला टेकून होता आणि याला ठाऊक होतं. तो खाटेच्या जवळ आला होता, बहुतेक आणखी काही बोलणार होता. मी डाव्या हातानं त्याची बंडी धरली, त्याला खाली ओढला आणि उजव्या मुठीनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग आणखी मारले. माझ्या बोटांची सालं निघाली. डॉक्टर ओरडत होते. चुलतभावानं एकही हात उचलला नाही. मी दमून सोडलं तेव्हा त्याच्या ओठांतून रक्ताची धार लागली होती आणि पांढऱ्या फरशीवर त्याचा समोरचा दात पडला होता, मुळासकट.

डॉक्टरांनी चिमट्यानं दात उचलला. त्यांचा आवाज थंड होता. "सरकारी कायद्यात दातही हाडाच्याच रांगेत बसतो. तुमच्या गावात काय आहे मला ठाऊक नाही."

आमच्या गावात काय आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हाड मोडलं तर औत. त्याचं हाड मी मोडलं असेल, तर त्याचं औत मला लागू. मग दोन्ही औतं एकमेकांत फिटली, तो मोकळा, आणि माझं रान पडीक. नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता. पायरीवर थोरल्या पंचांच्या वहाणा वाजल्या. चुलतभावानं डॉक्टरांच्या चिमट्यातून दात काढून घेतला आणि बंडीच्या खिशात टाकला.

पंचांनी आत येऊन फोटो बघितला, मग त्याचं तोंड बघितलं, आणि हे काय म्हणून विचारलं.

"घसरलो," तो म्हणाला. "पायरीवरनं."

पंचांनी माझ्या सोललेल्या मुठीकडे बघितलं असावं. मी ती चादरीखाली घातली होती की नव्हती ते मला आठवत नाही. त्यांनी फोटो पुन्हा उजेडाकडे धरला.

माझ्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर चढलं. उन्हाळाभर चुलतभाऊ आमच्या रानात नांगर धरायला यायचा. आई त्याला बांधावर भाकरी न्यायची आणि त्याला समोरून तोडता येत नाही म्हणून दुधात कुस्करून द्यायची. शिव्या तिनं बंद केल्या नव्हत्या, पण त्या आता हळू आवाजात असायच्या. मी बांधावर पाय लांब करून बसायचो आणि त्याच्या नांगराच्या तासाला तास जुळत नाही म्हणून ओरडायचो. तास चांगले सरळ यायचे. आमचा तंबाखू त्या साली वेळेवर लागला.

प्लास्टर निघालं, पाय टेकवायला लागलो, आणि पोळ्याच्या आधी मी स्वतः आमच्या रानात कुळव धरला. हाड सांधलं, असं थोरल्या पंचांनी चावडीत जाहीर केलं आणि त्याला मोकळा केला. त्या संध्याकाळी तो बांधावर आला. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यानं खिशातून तो दात काढला आणि तळहातावर माझ्यापुढं धरला.

"तुझं सांधलं," तो म्हणाला. "माझं बघ की रं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझे बैल घेऊन त्याच्या रानात गेलो. गावानं विचारलं, की हे काय नवीन. पाय मोकळा करतोय, असं मी सांगितलं. त्या साली गेलो, पुढच्या साली गेलो. आम्ही दोघंही म्हातारे झालो, एकमेकांशी धड कधी बोललो नाही, आणि माझा राग पुरता कधी गेला नाही. पण पहिलं औत त्याच्याच रानात जातं. हाड सांधेपर्यंत, असा गावचा कायदा आहे, आणि दात सांधत नाही.